सल्ला: दादा विसरायलेत आणि बाई गप्प झाल्यात

ताई, माझं माहेर औसा तालुक्यात, मला नांदेडला दिलीय. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ७६ वर्षांचे, झेडपीचे रिटायर्ड मास्तर, माळकरी, शुगर आहे. आई म्हणजे आमची बाई, ७० ची. गावात दोघंच राहतात. दोनेक वर्षांपासून दादा लई विसरायलेत. सालगड्याला एकाच महिन्यात दोनदा उचल दिली, मागच्या महिन्यात लातूरहून येताना भलत्याच फाट्यावर उतरून बसले. पुण्याचा भाऊ रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, त्याच्याशी मात्र दादा झकास बोलतात, म्हणून तो म्हणतो तू उगंच बाऊ करायलीस. पण आता मला बाईचंच टेन्शन आलंय. दरवर्षी येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात पन्नास-साठ माणसांची भज्जी करणारी बाई, यंदा तिनं काहीच केलं नाही, खोपीत पदर तोंडावर घेऊन बसली. हरिपाठ बंद, शेजारी जाणं बंद, पहाटे तीनला उठून बसते. गॅसवर दूध ठेवून विसरते. विचारलं की म्हणते पाय दुखायलेत. भाऊ म्हणतो दोघांना वाटून घेऊ, बाई पुण्याला, दादा तुझ्याकडं. तिचं पण डोकं चाललंय का ताई? काय करू?
– एक लेक, नांदेड

लेकी, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा येळवसपाशीच अडकले. आदल्या रात्री जागून डाळी भिजवायच्या, भाज्या निवडायच्या, आंबिलीला आंबट चढलंय का ते चाखून बघायचं आणि पहाटे सगळं डोक्यावर घेऊन शेत गाठायचं, हे ज्या बाईनं आयुष्यभर केलं ती कडब्याच्या खोपीत तोंड झाकून बसली. तिचे पाय दुखतही असतील, सत्तरीला कुणाचे दुखत नाहीत, पण भज्जी सुटली, हरिपाठ सुटला, झोप गेली आणि शेजारीण नकोशी झाली, हे सगळं पायांनी होत नाही. तू ते बघितलंस, घरात दुसऱ्या कुणी बघितलं नाही, म्हणून आधी तुझ्या पाठीवर हात ठेवते.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून रोगाचं नाव सांगायचंही नसतं. पण माझं मत स्वच्छ सांगते. दादांची तपासणी करायलाच पाहिजे आणि ती उशिराच व्हायलीय. बाईंची तपासणी त्याच दिवशी, त्याच फेरीत, पण वेगळा केसपेपर काढून. आणि वाटून घ्यायचं तर सध्या डोक्यातनं काढूनच टाका.

आता तुझ्या भावाचं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसंच दिसतंय. आठवण जाण्याच्या आजारात, डिमेन्शिया म्हणतात त्याला, आधी ताज्या गोष्टी जातात, काल काय झालं, सकाळी गोळी घेतली का, पैसे कुणाला दिले, हे पुसलं जातं, पण १९८० सालातली शाळा, हेडमास्तर, कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या हे लख्ख राहतं, आणि बोलण्याची रीतभात तर लई दिवस शाबूत राहते. मास्तर माणूस, आयुष्यभर बोलण्यावर पोट. दहा मिनिटांच्या कॉलमध्ये 'काय दादा, बरंय का, पाऊस झाला का, जेवलात का' याची उत्तरं द्यायला ताजी आठवण लागतच नाही, 'हो हो, मजेत, तुमचं कसं चाललंय' एवढ्यात भागून जातं. तू एक कर, पुढच्या वेळी तो कॉल चालू असताना तिथं बस आणि फोनच्या मागून बाईंचा आवाज येतो का ऐक. माझी खात्री आहे बाई हळूच सांगत असणार, सोयाबीन घातलं म्हणा, नात दहावीला आहे म्हणा.

मी हे एवढ्या खात्रीनं का म्हणते तर आमच्या घरी हेच झालं. माझे वडील परभणीकडच्या आमच्या गावात, आईबरोबर. आई रोज सकाळी कॉटवर त्यांचे कपडे काढून ठेवायची, सगळ्यात वर बनियन, त्याच्याखाली सदरा, त्याच्याखाली धोतर, शेवटी टोपी. आम्ही म्हणायचो, बघा या वयात पण किती प्रेम. मग आई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात भरती केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर वडील कॉटपाशी उभे, एका हातात सदरा, एका हातात टोपी, आणि मला विचारतात, आधी कोणतं? तेव्हा कळलं की ती कपड्यांची थप्पी कशासाठी होती. दोन-तीन वर्षं ती बाई त्यांचं डोकं म्हणून काम करत होती आणि आम्हा चार लेकरांना पत्ता नव्हता, आणि तिनं आम्हाला सांगितलं नाही कारण नवऱ्याला कुणी येडं म्हणालेलं तिला सहन होणार नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी वडलांना एका दवाखान्यात दाखवलं होतं, तिथं 'वय झालंय, असंच चालायचं' म्हणून टॉनिक देऊन परत पाठवलं. आम्हीही मान डोलावली. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याला इतकी तोंडपाठ आहे की त्यापुढं कुणी विचारच करत नाही.

तर तुझ्या बाईंच्या दिवसाचा हिशोब लाव. दादांच्या गोळ्या, पथ्य, चष्मा शोधणं, तेच उत्तर दहाव्यांदा देणं, सालगड्याचं मिटवणं, फाट्यावर उतरलेला माणूस अंधार पडेपर्यंत आला नाही म्हणून उंबऱ्यावर बसून राहणं, आणि रात्री कॉलवर सगळं ठीक आहे असं दाखवणं. वर ते पूर्वीचे दादा राहिले नाहीत याचं दुःख, जे सांगायचं कुणाला? माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडायची सोय नाही. नवरा-बायकोतल्या एकाची आठवण जायला लागली की दुसऱ्याचं मन खचतं, सांभाळणाऱ्या बायकांमध्ये तर जास्तच, हे वारंवार दिसून आलेलं आहे. नातेवाईक येतात, दादांची चौकशी करतात, बाईंच्या हातचा चहा पितात आणि जातात. तिला कुणी विचारलं का, की तुम्ही कशा आहात?

तू विचारलंस तिचं पण डोकं चाललंय का. हे बघ, म्हाताऱ्या माणसाचं डिप्रेशन हे तरण्या माणसासारखं दिसत नाही. ते 'मला उदास वाटतंय' असं म्हणत नाहीत, आपल्याकडच्या बाया तर मुळीच नाही, त्या म्हणतात पाय दुखायलेत, डोकं जड आहे, तोंडाला चव नाही, काही गोडच लागत नाही. झोप पहाटे तीन-चारला मोडते ती मोडतेच. लक्ष लागत नाही म्हणून दूध उतू जातं, त्याला आपण विसरणं म्हणतो, पण मन दुसरीकडंच असेल तर दूध ध्यानात राहणार कसं? डॉक्टर लोक एक फरक बघतात, ढोबळ आहे पण कामाचा आहे. डिमेन्शियाचं विसरणं वर्षा-दोन वर्षांत हळूहळू चढत जातं आणि त्या माणसाला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही, तक्रार घरचे करतात. डिप्रेशनचं विसरणं काही आठवड्यांत, महिन्यांत येतं आणि तो माणूस स्वतःच म्हणतो माझं काही ध्यानात राहत नाही, मी कामाची राहिले नाही. बाई यातलं काय म्हणतात ते ऐक. मात्र दोन्ही सोबत असू शकतात आणि म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन कधी कधी पुढच्या विसरण्याची सुरुवातही असतं, म्हणून इलाज झाल्यावर चार-सहा महिन्यांनी आठवणीची चाचणी परत करून घ्यायची. आत्ता मला जे दिसतंय त्यावरून त्यांचं मन भरून आलंय असं वाटतं, आणि ते बरं होण्यासारखं असतंय, हे लक्षात ठेव.

दवाखाना. तुला नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गावाहून जवळ लातूरचं विलासराव देशमुख कॉलेज, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज, या मोठ्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग असतो, ओळखीचे खाजगी असतील तर तिकडं जा. वेड्याच्या डॉक्टरकडं का न्यायलाव असं गावात कुणीतरी म्हणणारच, त्यांना सांग आठवणीचा डॉक्टर आहे. दादांना काही न सांगता फसवून नेऊ नकोस, शुगरची तपासणी आहे, सोबत सगळंच बघून घेऊ असं म्हण, ते खरंही आहे. जाताना एका वहीत लिहून ने, केव्हापासून, काय काय विसरलं, तारखेनिशी, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून ने, मेडिकलवरून अंदाजानं आणलेल्यासुद्धा.

डॉक्टरांना नाव घेऊन विचार: बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन, शुगर. बी-१२ साठी मी आग्रह धरते कारण दादा माळकरी आहेत, मांस-मच्छी-अंड्याला शिवत नाहीत, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आणखी कमी करते. नुसतं बी-१२ कमी झाल्यानं माणूस विसरायला लागू शकतो, हात-पाय मुंग्या आल्यासारखे होतात, मन उदास राहतं, आणि इंजेक्शननं सुधारणा होऊ शकते. बाईंचंही बघा, त्या पण त्याच चुलीवरचं खातात. मेंदूचा सीटी किंवा एमआरआय लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि दोघांचे कान तपासा. ऐकू कमी आलं की माणूस गप्प होतो, गप्प झाला की लोकांतून उठतो.

भाऊ बाऊ म्हणतो ना, त्याला हे सांग. आपल्या देशात ४५ च्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची घरोघर जाऊन पाहणी झाली, लासी म्हणतात तिला, २०१७-१८ मध्ये. त्यातल्याच काही जणांची आठवणीची सखोल तपासणी केली तेव्हा अंदाज निघाला की साठीच्या पुढच्या दर शंभरात सातेक जणांना डिमेन्शिया आहे, देशभरात मिळून ८८ लाख, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे गावात असे दहा-बारा दादा असतील आणि सगळ्यांच्या घरी 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलं असेल. आणखी एक सांग त्याला. लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या गटानं २०२४ साली डिमेन्शियाची जोखीम वाढवणाऱ्या, पण आपल्याला काही करता येण्यासारख्या १४ गोष्टी मांडल्या, त्यात शुगर, बीपी, ऐकू कमी येणं आहे आणि त्याच यादीत डिप्रेशन आणि लोकांपासून तुटून पडणंही आहे. म्हणजे बाईंचं मन आज सावरणं हे त्यांच्या उद्याच्या आठवणीसाठीही आहे.

बाईंना डिप्रेशनची गोळी चालू झाली तर दोन-तीन आठवडे काहीच फरक दिसणार नाही, म्हाताऱ्या शरीराला सहा-आठ आठवडेही लागतात, तेवढ्यात 'गुण नाही' म्हणून बंद करू नका. या गोळ्यांनी वयस्कर माणसाचं सोडियम कधी कधी उतरतं, गळाल्यासारखं किंवा बरळल्यासारखं वाटलं तर लगेच तपासा. आणि मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी अजिबात आणू नका, दोघांनाही नको, त्या गोळीनं आठवण आणखी गढूळ होते आणि रात्री मोरीकडं जाताना माणूस पडतो. दादा एखाद्या दिवशी अचानक, एका-दोन दिवसांत, फारच वेगळं वागायला लागले, भास व्हायला लागले, तर आजार वाढला म्हणून घरी बसू नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा शुगर-सोडियमचा घोटाळा असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना.

एक गोष्ट लिहायला जड जातंय पण लिहिते. बाईंना एकदा एकांतात, हात हातात घेऊन विचार, की बाई, जगू नये असं मनात येतं का गं? विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'देवानं न्यावं आता' हे आपल्याकडं सगळेच म्हातारे म्हणतात म्हणून कानाआड करू नकोस. आणि घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते आधी बघ, ते आजच्या आज घरातून हलव, सालगड्याकडं किंवा शेतात कुलपात. आपण मराठवाड्यातले, हे तुला जास्त समजावून सांगायची गरज नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही आणि थेट डॉक्टर गाठायचा. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, तू स्वतःसाठीही लावू शकतेस.

आता वाटून घ्यायचं. भाऊ मनानं चांगला आहे, त्याला वाटतं दोघांचा भार अर्धा-अर्धा होईल. पण दादांना पुण्या-नांदेडच्या फ्लॅटात नवीन मोरी, नवीन दार, नवीन जिना, त्यात बाई नाही, ते महिनाभरात जास्त गोंधळतील. त्यांच्या पायाला गावातली वाट पाठ आहे, म्हणून अजून चाललंय. आणि बाईंना वाटेल मला कामावरून काढलं. दमलेल्या माणसाचं ओझं काढून घ्यावं, माणूस काढून घेऊ नये. पुढं कधी हलवायची वेळ आलीच तर दोघांना एकत्र हलवा, आणि त्याआधी सुट्टीत येऊन-जाऊन सवय होऊ द्या.

म्हणून संपर्क ठेवायचा म्हणजे काय, ते आपण जरा नीट ठरवू. रोजच्या फोनवर 'गोळी दिली का, दादांना एकटं सोडू नको, गॅस बंद केला का' असं विचारलं की बाईंना तो हजेरी घेतल्यासारखा लागतो. भावाचा रात्रीचा कॉल दादांशी असतो, तो चालू दे, पण बाईंसाठी दुपारचा वेगळा ठेवा, दादा झोपलेले असताना, आणि त्यात दादांचा विषयच काढायचा नाही. तिला विचार की येसराच्या मसाल्यात काय काय टाकतेस, माझं तसं होत नाही. तिच्या बहिणीचं विचार. पहिले पंधरा दिवस ती हूं-हूं करेल, तरी लावत राहा.

आणि बोलण्याइतकंच काम उचलणं. गावातलीच एखादी गरजू बाई सकाळी दोन तास लावा, पगार भाऊ देईल, हे त्याच्या हातात स्पष्ट द्या. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी दादांजवळ कुणीतरी बसलं पाहिजे, चुलतभावाचं पोरगं असेल, दादांचा एखादा जुना विद्यार्थी असेल, त्याला दादांकडून गणितं सोडवून घ्यायला सांग, मास्तरांना ते आवडेल. तो एक तास बाईंचा. महिन्यातनं एकदा तू दोन दिवस जा, भावाला दोन महिन्यांतनं एकदा यायला लाव, आणि तो येईल तेव्हा बाईंना तुझ्याकडं घेऊन ये, दादांना भावाजवळ ठेवून, तीन दिवस. त्या तीन दिवसांत भावाला दादा कळतील, तुला वेगळं काही पटवून द्यायची गरज पडणार नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. सालगड्याचा हिशोब वहीत, दोघांच्या सह्यांनी. दादांना अजून समजतंय तोवर बँकेत जाऊन पेन्शनच्या खात्याला बाईंचं नाव जोडता येतं का विचारा, नॉमिनी तपासा, सातबाऱ्याचे कागद एका पिशवीत करा. दोघांचं सत्तर पूर्ण आहे, तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडतं. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट झाल्यापासून म्हातारी माणसं हौसेनं फिरतात, दादांचं फिरणं तोडू नका, फक्त सोबत कुणीतरी द्या आणि सदऱ्याच्या खिशात नाव-गाव-फोन लिहिलेलं कार्ड ठेवा. बाईंना तर अर्ध्या तिकिटात जाता येतंय, कधी दोघंच तुळजापूरला जाऊन येऊ द्या, सालगड्याचं पोरगं सोबत घालून.

दादा तेच तेच विचारतात तेव्हा 'आत्ताच सांगितलं ना' म्हणायचं नाही, हे तू पण पाळ आणि बाईंनाही जमेल तेवढंच सांग, तिच्यावर आणखी एक नियम लादू नकोस. ती कधी चिडली, ओरडली, तर तिला अपराधी वाटू देऊ नकोस. माझी आई शेवटी शेवटी सांगायची, मी एकदा त्यांच्यावर ताट आपटलं गं, आणि ते मेल्यावरही तिला ते ताट आठवायचं.

या आठवड्यात एवढंच कर: फवारणीचं औषध हलव, दुपारचा फोन सुरू कर आणि दवाखान्याचा दिवस ठरव. भावाला हे पत्र जसंच्या तसं पाठव, माझ्यावर ढकल. आणि रिपोर्ट आले की दोघांच्या बी-१२ चे आकडे मला कळव, आणि बाई हरिपाठाला गेल्या का, ते पण.